पायाचा लिम्फेडेमा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लिम्फेडेमा म्हणजे लसिकावाहिन्या (शरीरातलं जादा पाणी आणि प्रथिनं वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या) कमी पडल्यामुळे येणारी सूज. पुणे आणि आसपासचे रुग्ण, त्यांच्या घरची मंडळी यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, अडनिडे नंतर. थंडी वाजून ताप आला असेल आणि पाय लाल झाला असेल, तर बाकी सगळं सोडून आधी प्रश्न ६ वाचा.

१. माझा एकच पाय सुजतो, दुखत मात्र नाही. हा लिम्फेडेमा आहे हे घरी ओळखता येतं का?

बऱ्यापैकी येतं. पायाच्या अंगठ्याशेजारच्या बोटाच्या मुळाशी, वरच्या बाजूची कातडी चिमटीत धरून उचला. चांगल्या पायाची सहज उचलली जाते. सुजलेल्या पायाची जाड, चिवट लागली आणि चिमटीत येईना, तर लिम्फेडेमाची शक्यता खूपच जास्त. या तपासणीला स्टेमरची खूण म्हणतात. कातडी उचलली गेली म्हणून सुटलो असं मात्र समजू नका. अगदी सुरुवातीला, किंवा सूज मांडीपासून खाली उतरत असेल तेव्हा, ती उचलली जाते.

आता नडगीवर अंगठा अर्धा मिनिट दाबून धरा. खळगा पडला तर आतलं पाणी अजून मोकळं आहे, म्हणजे ते उतरवायला वाव आहे. खळगा पडत नाही पण पाय जाडच आहे, याचा अर्थ आत चरबी आणि तंतू साचलेत.

दोन गोष्टींत थांबू नका. दोन्ही पाय सारखेच सुजले असतील तर आधी हृदय, किडनी, लिव्हर, थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या. एक पाय एक-दोन दिवसांत अचानक सुजला आणि पोटरी दुखते, तर शिरेत गुठळी असू शकते. त्याच दिवशी कलर डॉपलर (शिरांची सोनोग्राफी) करा, पोटरी चोळू नका. सोबत धाप लागत असेल तर थेट इमर्जन्सीत.

२. लिम्फेडेमा म्हणजेच हत्तीपाय ना? मग पुण्यात राहून मला हा कुठून आला?

हत्तीपाय हा लिम्फेडेमाचा एक प्रकार. क्यूलेक्स डासातून फायलेरियाचे जंतू शरीरात जातात, लसिकावाहिन्यांमध्ये त्यांचे किडे वाढतात आणि वाहिन्या कायमच्या निकामी होतात. महाराष्ट्रात हा आजार मुख्यतः विदर्भात आढळतो, शिवाय मराठवाडा आणि कोकणातल्या काही जिल्ह्यांत. तिकडे बालपण गेलं असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. जंतू रात्रीच रक्तात फिरतात, म्हणून काचपट्टीवरची तपासणी रात्रीच करतात. कार्डवरची अँटिजेन तपासणी दिवसाही चालते. जुन्या हत्तीपायात दोन्ही निगेटिव्ह येऊ शकतात, कारण किडे मरून गेलेले असतात आणि नुकसान तेवढं उरतं. म्हणूनच डीईसीच्या (फायलेरियाचे जंतू मारणाऱ्या) गोळ्यांनी जुनी सूज उतरत नाही.

शहरात दिसणारी कारणं बहुतेक वेगळी: गर्भाशयमुख, गर्भाशय किंवा प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी ओटीपोटातल्या वा जांघेतल्या लसिकागाठी काढणं किंवा रेडिएशन, वर्षानुवर्षांच्या व्हेरिकोज व्हेन्स, खूप वाढलेलं वजन, अपघात. ऑपरेशननंतर सूज काही महिन्यांनी येते, कधी काही वर्षांनीही. काही जणांच्या वाहिन्या जन्मतःच कमी असतात. त्यांची सूज वयात येताना किंवा पस्तिशीनंतर उघडी पडते आणि घरचे म्हणतात, “तेव्हा मुरगळला होता, तेव्हापासून.” मुरगळणं हे निमित्त असतं.

३. पूर्ण बरा होईल ना?

नाही. आटोक्यात मात्र राहतो, तोही इतका की साडीखाली किंवा पँटखाली कुणाला कळू नये. सुरुवातीच्या टप्प्यात रात्रभर झोपल्यावर सूज उतरते. पुढच्या टप्प्यात उतरत नाही. शेवटच्या टप्प्यात कातडी जाड, खडबडीत होते, वळ्या पडतात. एका टप्प्यातून पुढच्यात ढकलणारी सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे वारंवार होणारा जंतुसंसर्ग. म्हणून आम्ही दाबाच्या पट्ट्यांच्या (प्रश्न ७) आधी कातडीबद्दल बोलतो.

४. डॉक्टरांनी लघवी होण्याची गोळी दिली. चार दिवस बरं वाटलं, मग परत सूज. डोस वाढवू का?

स्वतःहून मुळीच नाही. लघवीची गोळी पाणी काढते, पण लिम्फेडेमात पाण्याबरोबर प्रथिनंही अडकलेली असतात. ती मागे राहतात आणि पाणी पुन्हा ओढून घेतात. हृदय किंवा किडनीसाठी ती गोळी चालू असेल तर मात्र बंद करू नका.

त्यापेक्षा आपली औषधांची पिशवी तपासा. रक्तदाबाची अॅम्लोडिपिन घोटे सुजवते, आणि ही गोळी घराघरांत आहे. प्रीगॅबालिन, पायोग्लिटाझोन, स्टेरॉइड आणि सांधेदुखीच्या वेदनाशामक गोळ्याही तेच करतात. पर्याय आहे का, हे डॉक्टरांना विचारा. पाणी किंवा डाळ-उसळ कमी करून सूज उतरत नाही. मीठ बेतानं खा, लोणचं-पापड रोज नको, एवढंच.

५. पायाची रोजची निगा म्हणजे नेमकं काय करायचं?

संध्याकाळी, घरी आल्यावर, दहा मिनिटं. बादलीत साधं किंवा जेमतेम कोमट पाणी घ्या. मधुमेह असेल तर ते हातानं किंवा कोपरानं तपासा, पायानं नको. सौम्य साबणाचा फेस हातानं लावा. वज्री आणि घासणी बाजूला ठेवा, वज्रीनं टाच घासताना बारीक ओरखडे पडतात आणि ते दिसतही नाहीत. वळ्या असतील तर प्रत्येक वळी उघडून आत धुवा. साबण पूर्ण निघेपर्यंत पाणी ओता.

पुसणं हे धुण्याहून महत्त्वाचं. मऊ पंचानं टिपा, रगडू नका. बोटांच्या बेचक्यात गॉजचा तुकडा किंवा जुन्या सुती साडीची चिंधी घालून एकेक बेचकं कोरडं करा. बोटं इतकी फुगली असतील की चिंधीही जात नाही, तर हातपंख्यानं वारा घाला. पावडर टाकू नका, ओल धरून तिचे गोळे होतात.

मग उजेडात पाहा. बेचक्यात पांढरी, भिजलेली, सोललेली कातडी म्हणजे चिखल्या. जून ते सप्टेंबर पुण्यात त्या हमखास. क्लोट्रिमाझोलचं मलम दिवसातून दोनदा लावा, आणि बरं दिसल्यावरही दोन आठवडे चालू ठेवा. लोक इथेच चुकतात: खाज थांबली की ट्यूब कपाटात, आणि पंधरा दिवसांनी धावरं, म्हणजे पायाचा जंतुसंसर्ग (प्रश्न ६). टाचेच्या भेगांना आणि बाकी पायाला साधं व्हॅसलिन किंवा खोबरेल चालतं, पण बेचक्यात काहीही तेलकट नको. नखं सरळ कापा, कोपरे खोदू नका. पार्लरमधलं पेडिक्युअर आणि वस्तरा टाळा.

६. हुडहुडी भरून ताप आला, पाय लालभडक आणि गरम झाला. काय करू?

हे धावरं, डॉक्टरांच्या भाषेत सेल्युलायटिस. लिम्फेडेमाच्या पायात जंतूंना हाकलणारी यंत्रणाच मंद असते, म्हणून साध्या खरचटण्यातून काही तासांत हे उभं राहतं. कित्येकदा आधी थंडी-ताप, मळमळ येते आणि लाली दुसऱ्या दिवशी दिसते. तोपर्यंत घरच्यांनी व्हायरल समजून पॅरासिटामॉल दिलेली असते. जांघेत अवधाण येणं हीही खूण.

क्रम असा. लालीच्या कडेनं पेनानं रेघ मारा आणि वेळ लिहा. त्याच दिवशी डॉक्टर गाठा आणि “मला लिम्फेडेमा आहे” हे पहिल्या वाक्यात सांगा. अँटिबायोटिक साधारण दोन आठवडे लागतं, तीन-पाच दिवसांचा कोर्स अपुरा पडतो. कोणत्या औषधाची अॅलर्जी आहे ते कागदावर लिहून जवळ ठेवा. पाय उंच ठेवा. पट्टी किंवा स्टॉकिंग (दाब देणारा घट्ट मोजा) दुखत असेल तर काढा आणि सोसवायला लागलं की लगेच परत चढवा, कारण या काळात सूज झपाट्यानं वाढते. मसाज, पंप (प्रश्न १५), शेक, व्यायाम बंद.

रेघ ओलांडून लाली पुढे गेली, फोड आले, कातडी काळपट पडली, उलट्यांमुळे गोळी पोटात टिकेना, गोंधळल्यासारखं वाटलं, तर भरती व्हा. वर्षात दोनदा किंवा जास्त वेळा धावरं झालं तर प्रतिबंधक पेनिसिलिनबद्दल विचारा: रोजच्या गोळ्या, किंवा तीन-चार आठवड्यांनी बेंझाथिन पेनिसिलिनचं इंजेक्शन. हा उपाय जुना, स्वस्त आहे आणि विनाकारण विसरला गेलाय.

७. मेडिकलमधून क्रेप बँडेज आणून बांधलं तर चालेल का?

नाही. क्रेप खूप ताणली जाते. पाय स्थिर असताना ती आवळत राहते आणि चालताना स्नायू फुगला की स्वतःच ढिली पडते. आपल्याला उलट हवं. कमी ताणाची, म्हणजे शॉर्ट-स्ट्रेच पट्टी झोपेत सौम्य असते आणि चालताना भिंतीसारखी उभी राहते. पोटरीचा स्नायू तिच्यावर आपटतो, त्या दाबानं पाणी वर सरकतं.

बांधणी थेरपिस्टकडून शिकून घ्या. आठवणीसाठी क्रम: मलम, सुती नळीमोजा, बोटांना अरुंद गॉज, मग कापसाचं किंवा फोमचं अस्तर. घोट्याच्या हाडामागच्या खळग्यात जादा अस्तर भरा. त्यावर ८ सेंटिमीटरची पट्टी पावलाला, १० ची पोटरीला, १२ ची गुडघ्यावर. टाच झाकलीच पाहिजे, घोटा काटकोनात हवा. प्रत्येक वेढा आधीच्या निम्म्यावर. ताण सगळीकडे सारखाच ठेवा. घोट्याचा घेर कमी असल्यामुळे तिथे दाब आपोआप जास्त आणि वर कमी पडतो. वर आवळून बांधलं की खालचं पाणी खालीच कोंडतं. बोटं निळी, गार किंवा बधिर झाली तर ताबडतोब सोडा. बांधून झाल्यावर थोडं चाला, बसून राहण्यासाठी हा खटाटोप नाही.

जोमाचे उपचार बहुधा दोन ते चार आठवडे, रोज. त्यानंतर स्टॉकिंग.

८. स्टॉकिंग कोणतं घ्यायचं? पुण्याच्या एप्रिल-मेमध्ये कोण घालणार ते?

सूज उतरल्यावर, सकाळी माप देऊन घ्यायचं. सुजलेल्या पायाचं माप दिलं तर ते सूज तेवढीच राखतं. लक्ष्मी रोडच्या दुकानातलं स्मॉल-मीडियम-लार्जमधलं मऊ स्टॉकिंग व्हेरिकोज व्हेन्ससाठी ठीक. पाय बेढब असेल, वळ्या असतील तर सपाट विणीचं, शिवण असलेलं, मापाचं हवं. ते जाड असतं, पण वळीत रुतत नाही. दाब पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मोजतात. युरोपीय मापात वर्ग २ म्हणजे २३ ते ३२, वर्ग ३ म्हणजे ३४ ते ४६. पायाला बहुधा यांतलंच एक लागतं. कोणतं ते प्रश्न १३ वाचल्याशिवाय ठरवू नका.

चढवायचं ते सकाळी, अंथरुणातून उठल्या उठल्या. टाचेपर्यंत उलटं करा, टाच टाचेत बसवा, मग रबरी हातमोजे घालून तळव्यानं वर सरकवत न्या. नखानं ओढू नका. बोटं उघडी असलेलं असेल तर आधी पावलावर प्लॅस्टिकची पिशवी चढवा, मोजा तिच्यावरून घसरतो, मग पिशवी बोटांकडून ओढून काढा. वरची कड दुमडायची नाही, तिथे दाब दुप्पट होऊन पायाला करदोडा बसतो. रात्री काढा. दोन जोड हवेत, रोज धुवा, सॉफ्टनर नको, पिळू नका, सावलीत वाळवा. साधारण सहा महिन्यांत ताण संपतो. सहज चढायला लागलं की समजा, बदलायची वेळ झाली.

उन्हाळ्याचं: दुपारी स्टॉकिंगवरूनच पाणी शिंपडून पंख्याखाली बसा. गारवा मिळतो आणि दाबही राहतो. क्रीम रात्री लावा, सकाळी लावलं तर घाम कोंडतो आणि कापडही खराब होतं.

९. सूज कमी झाली की नाही, डोळ्यांनी कळत नाही. मोजायची कशी?

शिंप्याची टेप घ्या. घोट्यापासून वर दर ४ सेंटिमीटरवर घेर मोजा, दर वेळी त्याच वेळेला. प्रत्येक घेराचा वर्ग करा, सगळ्यांची बेरीज करा आणि ३.१४ नं भागा: तेवढे मिलिलिटर. समजा चांगल्या पायाचे सहा घेर २४, २५, २८, ३२, ३५, ३६ आहेत. वर्गांची बेरीज ५५३०, आकारमान सुमारे १७६० मिलि. सुजलेल्याचे २७, २९, ३२, ३६, ३८, ३८ असतील तर बेरीज ६७७८, म्हणजे सुमारे २१६० मिलि. फरक ४०० मिलि, जवळपास २३ टक्के. २० ते ४० टक्के म्हणजे मध्यम सूज. महिन्यातून एकदा मोजलं तरी पुरे, रोज मोजून जीव टांगणीला लावू नका.

१०. मालिश, शेक, लेप, जळू: यातलं काय चालतं?

रगडून तेलमालिश नको, बारीक लसिकावाहिन्या त्यानं दुखावतात. थेरपिस्ट करतात तो लसिका-मसाज फुलासारखा हलका असतो. तो मानेपासून, पोटापासून सुरू होतो आणि पाय शेवटी येतो, कारण वरचा रस्ता मोकळा झाल्याशिवाय खालचं पाणी जाणार कुठे? गरम शेकानं सूज वाढते. जळू लावणं, फासण्या, डागणं म्हणजे धावऱ्याला स्वतःहून दार उघडून देणं. लेप वाळला की कातडी तडकते. सुजलेल्या पायात इंजेक्शन किंवा सलाइनही शक्यतो नको.

११. चालू की आराम करू? पोहलं तर?

चाला, पट्टी किंवा स्टॉकिंग घालून. सुरुवात पाच मिनिटं पोटातून खोल श्वासांनी. मग घोटा वर-खाली ३० वेळा, टाचा उचलणं १५ वेळा, मग चालणं. दुसऱ्या दिवशी पाय जास्त जड वाटला तर वेळ निम्मी करा. तळजाईचा सपाट भाग पर्वतीच्या पायऱ्यांपेक्षा बरा.

पाणी हेच एक उत्तम स्टॉकिंग आहे. सव्वा मीटर खोल पाण्यात उभं राहिलं की घोट्यावर पाऱ्याच्या ९० मिलिमीटरच्या आसपास दाब पडतो आणि वर तो कमी होत जातो. टिळक तलाव असो की सोसायटीचा, पाण्यात चालणंही पुरतं. जखम किंवा चिखल्या असताना मात्र उतरू नका. बाहेर आल्यावर पाय धुवा, बेचकी कोरडी करा आणि लगेच स्टॉकिंग घाला.

१२. पेठेत जुना वाडा, तिसरा मजला, लिफ्ट नाही, देशी संडास. गुडघाही गेलाय. घरात काय बदलू?

जड पाय म्हणजे खरंच जड: ४ लिटर सूज म्हणजे ४ किलो, प्रत्येक पायरीला. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. काठी चांगल्या पायाच्या हातात. हात सैल सोडल्यावर मूठ मनगटाच्या घडीपाशी यावी. दिवसातल्या खेपा मोजा आणि भाजी-दूध दोरीच्या टोपलीनं वर घ्या. वाड्यातली ही जुनी सोय उगीच मागे पडली.

देशी संडासावर ठेवायची कमोड-खुर्ची मिळते. शेजारी भिंतीत पक्का दांडा बसवा, नळाला धरून उठू नका. मांडी घालून किंवा उकिडवं तासभर बसलं की जांघ आणि गुडघा दोन्हीकडे घडी पडते, तेव्हा पंगतीला खुर्ची मागायला लाजू नका. खुर्चीत पाय लोंबकळत ठेवून झोपणं सगळ्यांत वाईट. पलंगाच्या पायथ्याखाली १० सेंटिमीटरचे ठोकळे घाला, उश्यांचा ढीग रात्रीतून घसरतो.

दुचाकीवर मागे एका बाजूला बसू नका, मांडीचा मागचा भाग दबतो. उजव्या पायाचा लिम्फेडेमा असेल तर सायलेन्सरपासून सांभाळा. जाड कातडीला चटका उशिरा कळतो.

चप्पल रुंद, मागे पट्टा आणि वेल्क्रो असलेली, संध्याकाळी पाय भरल्यावर माप पाहून घ्या. अंगठ्याची कोल्हापुरी बेचकं कापते. सुजलेल्या बोटांतली जोडवी आणि घट्ट पैंजण काढून ठेवा. जोडवं रुतलं की मग कापावंच लागतं.

१३. मला मधुमेह आहे, चालताना पोटऱ्यांत गोळे येतात. तरी दाबाचं स्टॉकिंग घालू?

आधी पायाच्या धमन्या तपासा. घोट्याचा रक्तदाब भागिले दंडाचा रक्तदाब, याला एबीपीआय म्हणतात. ०.८ च्या वर नेहमीचा दाब चालतो. ०.५ ते ०.८ मध्ये कमी दाब, तोही देखरेखीखाली. ०.५ च्या खाली दाब देऊ नका, पायाला रक्तच कमी आहे. मधुमेहात धमन्या कडक झालेल्या असल्या तर आकडा खोटा जास्त येतो, अशा वेळी पायाच्या अंगठ्याचा रक्तदाब मोजायला सांगा. हृदय कमकुवत असून धाप लागत असेल तर आधी हृदयाचे उपचार. पायातलं लिटरभर पाणी एकदम वर ढकललं तर ते फुप्फुसात उतरू शकतं.

१४. दोन्ही पाय मांडीपासून जाड आहेत, पण पावलं बारीकच. हलकं दाबलं तरी दुखतं, निळे डाग पडतात.

हा बहुधा लिपेडेमा, जवळपास फक्त बायकांना होणारा चरबीचा विकार. घोट्याशी बांगडी घातल्यासारखी कड दिसते आणि स्टेमरची खूण (प्रश्न १) नसते. डाएट केलं तरी कंबर उतरते, मांड्या तशाच राहतात आणि बिचारीला “खाणं कमी कर” हे ऐकावं लागतं. पुढे त्यात लिम्फेडेमाही मिसळू शकतो.

१५. पंप विकत घेऊ का?

पंप म्हणजे पायावर चढवायची, हवेनं फुगून दाब देणारी पिशवी. एकटा पंप पुरत नाही. तो पाणी ढकलतो, प्रथिनं मागे राहतात. बरेच कप्पे असलेला, कमी दाबाचा, रोज तासाभरापर्यंत आणि लगेच नंतर स्टॉकिंग, असा जोडीला चालतो. पंपानंतर मांडीच्या मुळाशी किंवा जननेंद्रियावर सूज दिसली तर थांबवा. ते पाणी वर अडलंय. प्रश्न ६, ७ आणि १३ मधली बंधनं पंपालाही लागू.

१६. नडगीतून पाणी झिरपतं, मोजा ओला होतो. बांधू की उघडं ठेवू?

बांधा. उघडं ठेवलं की पाय वाहतच राहतो आणि जंतूंना वाट मिळते. धुऊन कोरडं करा, भोवती व्हॅसलिनचा थर द्या, न चिकटणारी जाळी, त्यावर शोषणारं पॅड आणि वरून पट्टी. पॅड भिजलं की बदला. पाय उंच ठेवून बांधणी नीट जमली तर बहुधा काही दिवसांत झिरपणं थांबतं.

१७. वारीत किंवा गणपतीत चालता येईल का?

दिवे घाटासारखा टप्पा एकदम नको, आधी दोन महिने अंतर वाढवत न्या. स्टॉकिंगचा दुसरा जोड कोरड्या पिशवीत, क्लोट्रिमाझोल, डॉक्टरांनी लिहून दिलेलं राखीव अँटिबायोटिक आणि चिंध्या सोबत ठेवा. अनवाणी चालू नका. विसर्जन मिरवणुकीत चालण्यापेक्षा उभं राहणं जास्त बाधतं. टाचा उचलत राहा आणि तासाभरानं कुठेतरी टेका.

१८. अपंगत्वाचं प्रमाणपत्र मिळतं का?

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत लिम्फेडेमाचं वेगळं नाव नाही. हालचालींवर आलेली मर्यादा अस्थिव्यंग गटात तपासतात आणि बहुतेक सवलतींना ४० टक्के लागतात. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर करायचा. पुण्यात तपासणी ससून आणि औंधचं जिल्हा रुग्णालय इथे होते. जाताना मापांचा तक्ता (प्रश्न ९), धावऱ्यासाठी भरती झाल्याचे कागद आणि पायाचे फोटो न्या. नुसता “पाय सुजतो” असा अर्ज टिकत नाही. किती पायऱ्या चढता येतात, किती मिनिटं उभं राहता येतं, ते लिहा.

१९. ऑपरेशननं सुटका होईल का?

लसिकावाहिनी शिरेला जोडणं किंवा दुसरीकडच्या लसिकागाठी आणून बसवणं सुरुवातीच्या टप्प्यात उपयोगी पडतं. साचलेल्या चरबीसाठी लायपोसक्शन करतात, पण त्यानंतर स्टॉकिंग जन्मभर, रात्रीसुद्धा. “ऑपरेशननंतर काहीच घालावं लागणार नाही” असं कुणी सांगितलं तर दुसरं मत घ्या.

२०. कॅन्सरच्या ऑपरेशनला सहा वर्षं झाली, सूज आटोक्यात होती. महिनाभरात अचानक वाढली, दुखायलाही लागली. मोजा बदलू का?

मोज्याचं नंतर बघू. स्थिर असलेली सूज कारणाशिवाय वाढली, वेदना सुरू झाली, पाय अशक्त पडला किंवा जांघेत गाठ लागली, तर आधी शिरेतली गुठळी आणि कॅन्सर परतला आहे का, हे तपासायचं. डॉपलर त्याच दिवशी, आणि कॅन्सरच्या डॉक्टरांची भेट त्याच आठवड्यात. जुन्या सुजलेल्या कातडीवर जांभळा, न भरणारा डाग किंवा गाठ आली तर तीही दाखवा. असं क्वचितच होतं, पण तिचा तुकडा तपासायला पाठवावा लागतो. तिथे मलम लावून वाट पाहू नका.